नसती उपाधी आणि मानाची उपाधी

‘ही नसती उपाधी कशाला?’ यातली उपाधी म्हणजे कटकट. ‘त्यांना पंडित ही उपाधी मिळाली’ यातली उपाधी म्हणजे किताब. हे दोन वेगळे शब्द आहेत का, असा प्रश्न आहे.

शब्द एकच. उप + आ + धा. धा म्हणजे ठेवणे. जवळ राहून आपला गुण शेजारच्या वस्तूवर चढवते ती उपाधी. वेदान्तातलं ठरलेलं उदाहरण पाहा: स्वच्छ स्फटिकाजवळ जास्वंदीचं फूल ठेवलं की स्फटिक लाल दिसतो. फूल उचललं की लाली गेली. स्फटिक घासावा लागत नाही. देह, नाती, हुद्दा या आत्म्याच्या अशाच उपाधी. किताबही नावाशेजारी ठेवलेलाच.

कटकटीचा अर्थ माझ्या मते याच विचारातून उतरला आहे. क्रियापदं बघा: उपाधी ‘लागते’, ‘मागे लागते’, आपण ती ‘ओढवून घेतो’. ‘माझ्यात उपाधी आहे’ असं कुणी म्हणत नाही. मी मुळात मोकळा, त्रास बाहेरून चिकटलेला, हे वेदान्ताचं गृहीत बोलणाऱ्याच्या नकळत वाक्यात येतं. ‘आधी, व्याधी, उपाधी’ या त्रिकुटातही आधी मनाची, व्याधी शरीराची, उपाधी बाहेरची.

न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, हाच शब्द अनुमानातला दोष दाखवतो, आणि तो रोज उपयोगी पडावा असा आहे. १७व्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’तलं उदाहरण: ‘पर्वतावर धूर आहे, कारण तिथे अग्नी आहे.’ हे चुकतं. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं, तीच इथली उपाधी. ओळखायच्या कसोट्या दोन: जिथे जिथे धूर तिथे ओलं सरपण असतंच, पण जिथे जिथे अग्नी तिथे ते असतंच असं नाही. दोन्ही लागू पडल्या की अनुमान ‘सोपाधिक’, म्हणजे न सांगितलेल्या अटीवर उभं असलेलं. ‘मेहनत केली म्हणजे यश येणारच’ या वाक्यात संधी ही उपाधी लपलेली असते. ती लक्षात आली नाही की अपयशी माणूस आळशी ठरतो.

‘निरुपाधिक प्रेम’ म्हणजे विनाअट प्रेम, तेही इथूनच.

लेखनाचं म्हणाल तर संस्कृतात ‘उपाधि’ पुल्लिंगी, मराठीत ‘उपाधी’ स्त्रीलिंगी आणि दीर्घ. समासात आधी आला तर ऱ्हस्व: उपाधिग्रस्त. विद्यापीठ देतं तिला मात्र मराठीत पदवीच म्हणावं. तिथे ‘उपाधि’ ही हिंदीची रूढी.