८० जीबीच्या डिस्कवर कोणते डॉस घालावे?

प्रश्न : सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावर आमचा टॉवेल आणि चादरींचा छोटा कारखाना आहे. जकार्डची (मागावर नक्षी विणण्यासाठी लागणारी भोकांची) कार्डे पंच करण्यासाठी आम्ही १९९७ पासून डॉस या जुन्या संगणक-प्रणालीवरचा एक प्रोग्राम वापरतो. पंचिंगचे यंत्र प्रिंटर पोर्टला जोडलेले आहे आणि प्रोग्रामचे डोंगलही (ज्याशिवाय प्रोग्राम चालत नाही, ते किल्लीसारखे छोटे उपकरण) त्याच पोर्टला लागते. जुनी २.१ जीबीची हार्ड डिस्क टकटक आवाज करू लागल्यामुळे ८० जीबीची आयडीई डिस्क आणली. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना दिसणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) ती पूर्ण दिसते. मात्र एमएस-डॉस ६.२२ चे एफडिस्क (डिस्कचे भाग पाडणारे साधन) सुमारे ८ जीबीच दाखवते आणि २ जीबीपेक्षा मोठे पार्टिशन, म्हणजे डिस्कचा भाग, करू देत नाही. दुकानदार डिस्क खराब असल्याचे सांगतो. डिस्क बदलावी की डॉस?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण दिलेल्या लक्षणांवरून डिस्कमध्ये दोष दिसत नाही, त्यामुळे ती परत करण्याची घाई करू नये. एमएस-डॉस ६.२२ हे १९९४ सालचे आहे आणि ते डिस्कवरची जागा सिलिंडर, हेड व सेक्टर या जुन्या पद्धतीने मोजते. १,०२४ सिलिंडर, २५५ हेड, ६३ सेक्टर आणि दर सेक्टरला ५१२ बाइट असा गुणाकार केला की सुमारे ८४२ कोटी बाइट होतात. त्यापलीकडची डिस्क या डॉसच्या हिशेबात येतच नाही. २ जीबीची मर्यादा वेगळी असून ती फॅट१६ या फाइल पद्धतीची आहे. या पद्धतीत डिस्कची जागा क्लस्टर नावाच्या तुकड्यांत वाटली जाते. असे तुकडे साधारण ६५ हजारच मोजता येतात आणि ६.२२ मध्ये एक तुकडा जास्तीत जास्त ३२ केबीचा असतो.

हा तुकडा आपल्या कामात किती जागा खातो, ते पाहण्यासारखे आहे. समजा, आपल्याकडे ३,००० डिझाइन आहेत आणि प्रत्येक फाइल ३ केबीची आहे. खरा मजकूर ९ एमबीच्या आसपास असला, तरी २ जीबीच्या पार्टिशनवर प्रत्येक फाइल पूर्ण ३२ केबी अडवून बसते आणि सारा पसारा सुमारे ९४ एमबी होतो. फॅट३२ ही फॅट१६ नंतरची फाइल पद्धत आहे. ८ जीबीपेक्षा लहान फॅट३२ पार्टिशनवर क्लस्टर सहसा ४ केबीचा असतो, म्हणून तीच डिझाइन १२ एमबीत मावतात.

फॅट३२ समजणारे आणि ८ जीबीपलीकडे पाहू शकणारे दोन पर्याय आपल्यापुढे आहेत. पहिला म्हणजे विंडोज ९८ च्या पोटातले डॉस ७.१. ते चांगले आहे, पण मायक्रोसॉफ्टने ते स्वतंत्रपणे कधीच विकले नाही. आपल्याकडे विंडोज ९८ ची अधिकृत सीडी असेल तरच त्याचा विचार करावा. दुसरा म्हणजे फ्रीडॉस. जिम हॉल यांनी १९९४ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प आजही चालू आहे, तो विनामूल्य आहे आणि त्याची १.४ ही आवृत्ती २०२५ मध्ये आली. माझी शिफारस फ्रीडॉसची आहे, कारण जे सॉफ्टवेअर अजून कोणीतरी सांभाळत आहे, त्यावर कारखान्याचे काम सोपवणे मला अधिक सुरक्षित वाटते.

मात्र निर्णय डिस्कच्या आकारावरून न घेता डोंगलवरून घ्यावा. जुनी डिस्क वाचता येते आहे तोवर सर्वांत आधी डिझाइनच्या फाइल दोन ठिकाणी उतरवून घ्या. नंतर नव्या डिस्कला हात न लावता, फ्रीडॉसच्या फ्लॉपीने संगणक सुरू करून जुन्या डिस्कवरचाच प्रोग्राम चालवा आणि एका डिझाइनची कार्डे प्रत्यक्ष पंच करून पाहा. प्रोग्राम पडद्यावर उघडला एवढ्यावर समाधान मानू नये. भोके योग्य जागी पडली की नाही, हे जुन्या कार्डावर नवे कार्ड ठेवून उजेडात तपासावे.

पंचिंग बरोबर झाले, तर ८० जीबीची डिस्क अशी वाटावी : सुरुवातीला २ जीबीचे फॅट१६ पार्टिशन करून त्यात फ्रीडॉस आणि प्रोग्राम ठेवावा, त्यानंतर ७ जीबीचे फॅट३२ पार्टिशन डिझाइनसाठी करावे आणि उरलेली जागा मोकळी सोडावी. मोकळ्या जागेचा मोह धरू नये. कार्डांची डिझाइन ती कधीच भरणार नाहीत. पहिले पार्टिशन फॅट१६ ठेवण्यास कारण आहे. अडचणीच्या वेळी ६.२२ च्या फ्लॉपीनेही ते वाचता येते. शिवाय काही जुन्या प्रोग्रामना २ जीबीहून अधिक मोकळी जागा दिसली की त्यांचा हिशेब ऋण आकड्यात जातो आणि ‘जागा अपुरी आहे’ असा संदेश येतो. आपल्या प्रोग्रामने दुसऱ्या पार्टिशनवर तसे केले, तर फाइल पहिल्यावर साठवून नंतर दुसऱ्यावर नकलून घ्याव्यात.

जुन्या डिस्कवरची कॉन्फिग.सिस फाइल (डॉस सुरू होताना वाचते ती सूचनांची फाइल) जशीच्या तशी आणू नये. फ्रीडॉस आधी एफडीकॉन्फिग.सिस शोधते आणि त्यात मेमरी सांभाळणाऱ्या फाइलींची नावेही निराळी असतात.

डोंगल फ्रीडॉसवर अडले, तर ६.२२ च ठेवावे आणि ८ जीबीच्या आत २ जीबीची तीन-चार पार्टिशने करावीत. आपल्या कामाला तेवढी जागा पुष्कळ आहे. एवीतेवी कॅबिनेट उघडणार आहात, तर पंख्यावर आणि पॉवर सप्लायच्या जाळीत साचलेले टॉवेलचे तूस ब्रशने झाडून घ्या. सोलापूरच्या मे महिन्यात हवा कोंडली, तर नवी डिस्कही लवकर खराब होऊ शकते.