फिका म्हणजे फिक्की कॉफी नव्हे!

मागच्या अंकात मी स्वीडनमधल्या गॉथेनबर्गला काढलेल्या वर्षांबद्दल सहज दोन ओळी लिहिल्या आणि या महिन्यात सगळी पत्रं तिकडचीच, तीपण खाण्यावरची. तिकडचा 'फिका' म्हणजे हातातलं काम ठेवून सगळ्यांनी मिळून बसायचं, कॉफी प्यायची आणि सोबत काहीतरी गोड खायचं. चला, घेऊयाच मग.

प्रश्न : ताई, मी मूळचा चिंचवडचा, गॉथेनबर्गला ऑफिस जॉइन करून चार महिने झाले. इथे रोज साडेनऊला आणि परत अडीचला सगळे उठून किचनमध्ये जाऊन बसतात. मी आपला कप भरून डेस्कवर परत येतो, काम पडलेलं असतं आणि तिथे बसलं की वेळ चोरल्यासारखं वाटतं. परवा टीम लीडने हळूच विचारलं, तुला आमच्यात बसायला आवडत नाही का? वर आता भिंतीवरच्या यादीत पुढच्या शुक्रवारी माझं नाव आहे, 'फिका' मी आणायचा, शक्यतो घरी केलेला. मला मॅगीच्या पुढे काही येत नाही आणि मी अंडं खात नाही. काय करू?

उत्तर : अरे, आधी तो कप घेऊन डेस्कवर पळणं बंद कर. तुला वाटतं तू मेहनती दिसतोयस, त्यांना दिसतं की हा पोरगा आमच्यात मिसळत नाही. माझंही पहिले दोन महिने हेच झालं होतं, आणि मला तर कोणी विचारलंसुद्धा नाही, नुसतं बोलावणं बंद झालं, म्हणजे तुझा टीम लीड भला माणूस आहे. आणि वेळ चोरायचं म्हणशील तर स्वीडनच्या कामाच्या वेळेच्या १९८२ च्या कायद्यात अशा छोट्या पॉज कामाच्या वेळेतच धरल्यात, जेवणाची सुट्टी वेगळी. तेव्हा चोरी वगैरे काही नाही, निवांत बस. बॉसही तिथेच बसतो, आपला कप आपण धुतो, आणि कामाचं बोलणं निघालं तरी मीटिंगसारखं नाही, तिथे हवामान, पोरं, उन्हाळ्यात कुठे जाणार हेच चालतं. खरं सांगू का, ऑफिसात कोणाचं काय चाललंय ते मला ईमेलपेक्षा त्या वीस मिनिटांतच जास्त कळायचं.

आता शुक्रवारचं. तुला ओव्हन लावायचीसुद्धा गरज नाही, 'शोकलादबॉल' कर. ओट्स, लोणी, साखर, कोको, चमचा-दोन चमचे गार झालेली कडक कॉफी, सगळं हाताने मळायचं, लाडू वळायचे, डेसिकेटेड कोकोनटमध्ये घोळवायचे आणि फ्रिजमध्ये ठेवायचे. झालं! अंडं नाही, मैदा नाही, आणि लाडू वळताना घरी आईला बघितलंच असशील की.

पण माझं ऐकशील तर थोडी हिंमत कर आणि नानकटाई ने. त्यांच्याकडे 'ड्रोमार' म्हणून बिस्किटं असतात, अर्थ स्वप्नं, पांढरी, खुसखुशीत, तोंडात टाकली की विरघळणारी, पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मला थेट मे महिन्यातली आमच्या गल्लीतली बेकरी आठवली, तूप-साखर-मैद्याचे डबे घेऊन आम्ही पोरं रांगेत उभी राहायचो ती. नानकटाईत वेलचीही घाल, कारण वेलचीचं त्यांना नवल नाही, उलट त्यांच्या गोड पावात ती हमखास असते.

प्रश्न : एवढं काय कौतुक त्या फिकाचं? आपल्याकडे चहाची टपरी नाही का? (नाशिक)

उत्तर : आहे ना, आणि टपरीचा चहा कुणी माझ्याकडून काढून घेणार असेल तर मी भांडेन. पण टपरीवर आपण उभ्याने कटिंग मारतो आणि बहुतेक वेळा साहेबांची नजर चुकवून, फिकाला मात्र बसायचं असतं आणि साहेबालाही घेऊन बसायचं असतं.

बाय द वे, हा शब्द कसा आला ते तुम्हाला आवडेल. कॉफीला तिकडच्या बोलीत 'काफी' म्हणायचे, एकोणिसाव्या शतकात लोकांनी अक्षरं उलटी करून बोलायची गुप्त भाषा काढली, आपण लहानपणी च-ची भाषा बोलायचो ना तसली, आणि काफीचं झालं फिका. याच कॉफीवर सरकारने १७५६ पासून पुढे अनेकदा बंदी घातली होती, चैनीची वस्तू आणि पैसा देशाबाहेर जातो म्हणून. शेवटची बंदी उठली १८२० च्या दशकात. आज जगात माणशी सर्वात जास्त कॉफी पिणाऱ्या देशांत स्वीडन वरच्या नंबरात आहे, म्हणजे बंदीचा किती उपयोग झाला ते बघा.

प्रश्न : त्यांचा तो दालचिनीचा गोल पाव बिनअंड्याचा घरी जमेल का? मुलगी सुट्टीला येतेय आणि तिला तोच हवाय. (सांगली)

उत्तर : जमेल काकू, कारण 'कानेलबुल्ले'च्या नेहमीच्या पिठात अंडं नसतंच, फक्त वरून ब्रशने लावतात, तिथे आपण दूध लावायचं. पाव लिटर दूध बोटाला कोमट लागेल इतकंच गरम करा, जास्त गरम झालं तर यीस्ट मरतं आणि मग पाव नाही, दगड होतो (माझा झालाय). त्यात ७ ग्रॅम ड्राय यीस्ट, ७५ ग्रॅम वितळलेलं लोणी, ७० ग्रॅम साखर, अर्धा चमचा मीठ आणि चमचाभर वेलची, पण वेलची पूड नको, खलबत्त्यात जाडसर कुटा, दाताखाली आली पाहिजे. मैदा साधारण ४२५ ग्रॅम, दहा मिनिटं छान मळा, झाकून तासभर फुगू द्या. मग मोठी पोळी लाटून मऊ लोणी, साखर आणि दालचिनी पसरा, आळूवडीसारखी गुंडाळी करा आणि तशाच वड्या कापा. पुन्हा अर्धा तास फुगू द्या, दूध लावा, वर तिकडे मोत्यासारखी जाड साखर टाकतात, मी खडीसाखर कुटून टाकते. २२५ डिग्रीला ८-१० मिनिटं, आणि ओव्हनसमोरून हलू नका. ४ ऑक्टोबरला तिकडे या पावाचा खास दिवस असतो, १९९९ पासून, पण मुलगी जेव्हा येईल तेव्हा करा हो.

प्रश्न : सात प्रकारची बिस्किटं करावीच लागतात असं ऐकलं, खरं का?

उत्तर : आता नाही. पूर्वी बायकांच्या कॉफीच्या बैठका व्हायच्या, 'काफेरेप', तिथे सात प्रकार हवेत असा दंडक, कमी केले तर कंजूष आणि जास्त केले तर शायनिंग. आपल्या दिवाळीच्या फराळाच्या ताटात डोकावणाऱ्या शेजारणी आठवा. हल्ली एक पाव आणि एक कप, बस.

प्रश्न : मी कॉफी पीत नाही. स्वीडिश मैत्रिणीने फिकाला बोलावलंय. जाऊ का?

उत्तर : जा. चहा माग, सरबत माग, कोणी काही म्हणत नाही. फक्त वेळेवर पोच, दोन म्हणजे दोन.