मॅट कोणी अंथरली, तेही लिहा

प्रश्न : सोलापूरच्या पूर्व भागातील आमच्या क्रिकेट क्लबला यंदा पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. सुरुवातीचे खेळाडू गिरणीत आणि मागावर काम करणारे होते. त्यांत तेलुगू, कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणारे सगळेच होते. स्मरणिकेसाठी इतिहास लिहायला घेतला, तेव्हा जिंकलेले चषक मोजकेच निघाले. समितीतील काहींचे म्हणणे असे, की क्लब एका विशिष्ट समाजाने स्थापन केला असे लिहिल्यास देणग्या लवकर जमतील. इतिहास म्हणून काय लिहावे, आणि ‘क्लबची मूल्ये’ या प्रकरणात काय यावे?

उत्तर : देणग्यांची सूचना प्रथम बाजूला ठेवावी, कारण आपल्याच पत्रानुसार ती वस्तुस्थितीला धरून नाही. एका समाजाचा क्लब आणि एका वस्तीचा क्लब यांत मोठे अंतर आहे, आणि आपल्याकडील क्रिकेटचा इतिहास हे अंतर कापण्यातच घडला आहे. मुंबईत पारशी तरुणांनी १८४८ साली ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. पुढे १८८५ मध्ये पारशी जिमखाना आणि १८९४ मध्ये हिंदू जिमखाना उभा राहिला. युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम अशा धर्मवार संघांचे सामने मुंबईत वर्षानुवर्षे गर्दी खेचत राहिले, १९३७ पासून ‘इतर’ या नावाचा पाचवा संघ त्यांत आला, आणि महात्मा गांधींनी १९४० मध्ये या धर्मवार विभागणीला उघड विरोध केल्यानंतरही ती स्पर्धा १९४६ पर्यंत टिकून होती. क्रिकेट या देशात रुजवण्याचे श्रेय त्या क्लबांना द्यावेच लागेल. परंतु त्याच काळात पळवणकर बाळू यांच्यासारखा दलित समाजातील डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात हिंदूंच्या संघातून खेळत असताना, चहाच्या वेळी त्यांना मात्र पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. मैदानात त्यांच्या हातचा चेंडू चालत होता, कपबशी चालत नव्हती. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. आपल्या क्लबात चार भाषांची माणसे पहिल्या दिवसापासून एका माठातले पाणी पीत असतील, तर स्मरणिकेचे पहिले पान त्याच गोष्टीला द्यावे. देणगीसाठी ते पान पुसणे मला तरी मान्य होणार नाही.

सोलापूरच्या क्रिकेटविषयी लिहिताना पॉली उम्रीगर यांचे नाव येणारच. ते १९२६ साली सोलापुरात जन्मले, आणि १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा करून कसोटीत द्विशतक झळकावणारे पहिले भारतीय ठरले. मात्र त्यांचे क्रिकेट मुंबईत घडले. शहराला त्यांचा अभिमान वाटावा हे योग्यच आहे. आपल्या क्लबच्या वारशात त्यांना ओढून आणू नये.

आता आपल्या मुख्य अडचणीकडे वळतो. चषक कमी म्हणजे इतिहास कमी, असे आपण धरून चालला आहात. काही वर्षांपूर्वी सोलापुरातील एका वृद्ध स्कोअररच्या घरी मला त्यांची जुनी स्कोअरबुके पाहायला मिळाली. पाने पिवळी पडली होती, शाई कडेने पसरली होती. पण प्रत्येक सामन्याच्या समासात त्यांनी बारीक अक्षरांत काही ना काही टिपून ठेवले होते. एका ठिकाणी लिहिले होते, ‘मॅट ओली, अर्धा तास उशीर’; मॅट म्हणजे खेळपट्टीवर अंथरायची चटई. दुसऱ्या पानावर सलामीच्या फलंदाजाच्या नावापुढे ‘रातपाळीहून थेट’ एवढेच शब्द होते, आणि त्याच्या धावा होत्या सात. त्या सात धावा मी आजही विसरलेलो नाही. रात्रभर मागावर उभा राहिलेला माणूस सकाळी पॅड बांधून नव्या चेंडूसमोर उभा राहतो, ही नोंद कोणत्याही चषकापेक्षा मला मोलाची वाटते.

म्हणून शोध या प्रश्नांनी सुरू करावा : मॅट कोणाच्या घरी ठेवली जात असे, ती सायकलवरून मैदानात कोण आणी, काळ्या मातीत खिळे कोण ठोकी, वर्गणी थकलेल्या खेळाडूला संघात घेतले जात असे की नाही, आणि एकच बरी बॅट असताना ती कोणाला मिळे? जुन्या खेळाडूंकडे एकेकटे जाण्याऐवजी दोघा-तिघांना एकत्र बसवावे. एकाची आठवण दुसरा दुरुस्त करतो. ते तेलुगूत बोलले तर तेलुगूतच ध्वनिमुद्रण करावे, मराठी नंतर करता येईल. हे काम मात्र लांबणीवर टाकू नये, कारण हे सांगणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

मूल्यांचे वेगळे प्रकरण करू नये, असे माझे मत आहे. ‘शिस्त, बंधुभाव, खिलाडूवृत्ती’ हे शब्द कोणत्याही क्लबच्या स्मरणिकेत छापता येतात. त्याऐवजी क्लबने घेतलेले चार-पाच कठीण निर्णय तपशिलाने लिहावेत, आणि जिथे क्लब चुकला तेही लिहावे. उदाहरणार्थ, मुलींना सरावाला केव्हा प्रवेश मिळाला? सोलापूर जिल्ह्यातील किरण नवगिरे २०२२ मध्ये भारताकडून खेळली. त्या वर्षी आपल्या नेट्समध्ये एकही मुलगी नसेल, तर ती गोष्ट वगळू नये.

प्रश्न : आमच्या संघातील एका मुलाने चेंडू टाकण्याआधीच क्रीझ सोडलेल्या नॉन-स्ट्रायकरला, म्हणजे गोलंदाजाच्या टोकाला उभ्या फलंदाजाला, धावबाद केले. ज्येष्ठांनी त्याला सर्वांसमोर रागावले. तो चुकला का?

उत्तर : नाही. भारताचे विनू मंकड यांनी १९४७ मध्ये सिडनी कसोटीत ऑस्ट्रेलियाचे बिल ब्राऊन यांना असेच बाद केले. त्याच दौऱ्यातील आधीच्या एका सामन्यात त्यांनी ब्राऊन यांना ताकीदही दिली होती, आणि खुद्द ऑस्ट्रेलियाचे कर्णधार ब्रॅडमन यांनी मंकड यांची बाजू घेतली. क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसी या क्लबने ऑक्टोबर २०२२ पासून हा प्रकार ‘अयोग्य खेळ’ या नियमातून काढून धावबादच्या नियमात घातला आहे. नियमाप्रमाणे आधी ताकीद देण्याचे बंधन नाही. आपल्या क्लबला एकदा ताकीद देण्याची प्रथा पाळायची असेल, तर ती हंगामापूर्वीच सर्व खेळाडूंना सांगावी. त्या मुलाला ज्यांनी चारचौघांत रागावले, त्यांनी त्याची समजूतही चारचौघांतच घालावी, आणि पुढच्या सामन्यात नवा चेंडू त्याच्या हाती द्यावा.