ऑस्ट्रेलियात बांधकाम घटलं म्हणजे नेमकं काय घटलं?

भाच्याने नोकरीसाठी आत्ता ऑस्ट्रेलियात यावं की थांबावं, हा तुमचा प्रश्न वाचला. भाचा सिव्हिल इंजिनिअर, पुण्यात मेट्रोच्या भुयारी कामावर. पीआर, म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना, हातात आहे, आणि नेमकी आत्ताच 'ऑस्ट्रेलियात या तिमाहीत बांधकाम घटलं' ही बातमी वाचून घरच्यांचा धीर सुटलाय. मी मेलबर्नमध्ये बरीच वर्षं बांधकाम प्रकल्पांचं एस्टिमेटिंग (खर्चाचा अंदाज) आणि प्लॅनिंग करतोय, त्यामुळे दर तिमाहीला हे आकडे आमच्या ऑफिसात चघळले जातात. माझं मत आधीच सांगतो: त्या एका टक्केवारीवर कुणाचं येणं-न येणं ठरवू नका. आकडा खोटा नसतो, पण त्याच्या पोटात काय आहे ते बातमीत येत नाही.

हा आकडा ऑस्ट्रेलियन ब्युरो ऑफ स्टॅटिस्टिक्स, म्हणजे एबीएस, काढतं. तिमाही संपल्यावर साधारण आठ आठवड्यांनी, जीडीपीच्या आदल्या आठवड्यात तो येतो, म्हणून पेपरवाले त्याच्यावर तुटून पडतात. मोजलं जातं ते 'झालेलं काम'. मंजुऱ्या किती मिळाल्या, टेंडरं किती निघाली याच्याशी त्याचा संबंध नाही. त्या तीन महिन्यांत साईटवर जेवढ्या किमतीचं काम झालं, तेवढंच. आपल्याकडे ठेकेदार झालेल्या कामापुरतं आर.ए. बिल (चालू बिल) लावतो, तसाच हिशोब, फक्त अख्ख्या देशाचा. जमिनीची किंमत त्यात नसते. हल्ली ही रक्कम तिमाहीला ७० अब्ज डॉलरच्या वर असते. पहिला आकडा प्राथमिक असतो आणि पुढे तो बदलतो, कधी कधी चांगलाच. पण दुरुस्तीची बातमी कुणी छापत नाही.

यात दोन भाग असतात. एक इमारतींचा: घरं, युनिट्स, शाळा, हॉस्पिटलं, गोदामं. दुसरा इंजिनिअरिंगचा: रस्ते, पूल, रेल्वे, बंदरं, पाणी, वीज, खाणी, गॅस. भाच्याची रोजीरोटी या दुसऱ्या भागात. आणि हाच भाग बेभरवशाचा उड्या मारतो.

२०१७ चं उदाहरण मी ऑफिसातल्या प्रत्येक नव्या पोराला सांगतो. त्या वर्षीच्या सप्टेंबर तिमाहीत देशातलं एकूण बांधकाम एका झटक्यात १५ टक्क्यांहून जास्त वाढलं. मेलबर्नमध्ये आम्ही एकमेकांकडे बघत होतो, कारण कुठल्याच साईटवर एक जादा क्रेन उभी राहिली नव्हती. झालं होतं असं की शेल कंपनीचा 'प्रेल्यूड' हा तरंगता गॅस प्रकल्प, तब्बल ४८८ मीटर लांबीचा, दक्षिण कोरियात सॅमसंगच्या गोदीत बांधून पूर्ण झाला आणि जुलै २०१७ मध्ये समुद्रातून ओढत पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापलीकडे आणला गेला. त्याच सुमारास 'इक्थिस' या दुसऱ्या गॅस प्रकल्पाचे तरंगते प्लॅटफॉर्मही कोरियाहूनच आले. बाहेर तयार झालेला भागही इथे आणून बसवला की एबीएसच्या पद्धतीत बांधकामात धरला जातो. म्हणजे वेल्डिंग कोरियात, पगार कोरियात आणि 'वाढ' ऑस्ट्रेलियाच्या बांधकामात! जीडीपीत ही रक्कम आयात म्हणून वजा होते, पण बांधकामाच्या आकड्यात नाही. पुढच्याच तिमाहीत तसं काही आलं नाही आणि आकडा तितक्याच जोरात आपटला. तेव्हाही 'बांधकाम कोसळलं' असेच मथळे होते, आणि त्या घसरणीमुळे आमच्याकडच्या एकाही साईट इंजिनिअरचं काम गेलं नाही.

घरांची गोष्ट वेगळी. तिथे मंजुरी आणि काम यांच्यातलं अंतर बघावं लागतं. कोविडमध्ये, जून २०२० मध्ये, सरकारने 'होमबिल्डर' योजना आणली: नवं घर किंवा मोठं नूतनीकरण करणाऱ्याला २५,००० डॉलर, जानेवारी ते मार्च २०२१ मधल्या करारांना १५,०००. सव्वा लाखावर अर्ज आले, मंजुऱ्यांचा आलेख उभा चढला. झालेल्या कामाचा तसा चढला नाही, कारण लाकूड मिळेना आणि सुतार-गवंडी मिळेनात. काम पुढच्या तिमाह्यांवर लांबत गेलं. करार ठरलेल्या किमतीचे आणि माल महागलेला, त्यात बिल्डर बुडायला लागले. मार्च २०२३ मध्ये पोर्टर डेव्हिस ही घरं बांधणारी कंपनी बुडाली तेव्हा सुमारे १,७०० घरं अर्धवट राहिली. आता सरकारला जुलै २०२४ पासून पाच वर्षांत १२ लाख घरं हवीत. म्हणजे तिमाहीला सरासरी ६०,००० झाली. सुरुवातीपासूनच वेग याच्या बराच मागे आहे. पण बोगद्यातल्या माणसाने याची फार काळजी करू नये.

हंगामाचं एक सांगायचं राहिलं. ख्रिसमसच्या आधी साईट्स बंद होतात त्या जानेवारीत बऱ्याच उशिरा उघडतात. त्यामुळे मार्च तिमाहीचा मूळ आकडा पडकाच असतो. हंगामी चढउतार काढून टाकलेला आणि महागाई वगळलेला आकडाच बघा, बाकीच्या तुलना सोडून द्या.

आता भाच्यासाठी मी काय बघेन? पहिलं म्हणजे राज्यवार तक्ता. देशाची बेरीज पर्थच्या गॅसवर चढते आणि मेलबर्नच्या रेल्वेवर उतरते. नोकरी मात्र एका शहरातच मिळते. दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं, म्हणजे 'हाती असलेलं पण अजून व्हायचं काम'. हे महिनाभराने येणाऱ्या सविस्तर तक्त्यांत सापडतं आणि बातम्यांत जवळजवळ कधीच नाही. झालेलं काम घटलं आणि व्हायचं काम भरपूर उरलं, तर एक मोठा प्रकल्प संपून दुसरा अजून वेगात यायचाय, एवढाच त्याचा अर्थ. दोन्ही सलग काही तिमाह्या घटली तर मात्र मीसुद्धा थांब म्हणेन.

मेलबर्नमध्ये मेट्रो टनेल आणि वेस्ट गेट टनेल २०२५ च्या शेवटी सुरू झाले, म्हणून इथली बोगद्यातली माणसं आता नॉर्थ ईस्ट लिंक आणि सबर्बन रेल लूप या पुढच्या बोगद्यांच्या प्रकल्पांकडे सरकतायत. सिडनीत मेट्रो वेस्ट या भुयारी रेल्वेचं काम आहे. ब्रिस्बेनला २०३२ चं ऑलिम्पिक आहे, तिथेही मागणी राहणार. तेव्हा 'मेलबर्नलाच यायचं, मामा आहे तिथे' हा हट्ट धरू नका.

बायोडेटात 'मेट्रो प्रकल्पावर काम केले' एवढंच लिहून भागत नाही. टीबीएमचा (बोगदा खोदणाऱ्या यंत्राचा) व्यास, जमिनीचा प्रकार, सेगमेंट रिंगची (बोगद्याच्या आतल्या काँक्रीटच्या कड्यांची) जबाबदारी, सगळं लिहायला सांगा. साईटवर पाय ठेवायला व्हाईट कार्ड, म्हणजे सुरक्षेच्या प्रशिक्षणाचं कार्ड, लागतं, ते आल्यावर एका दिवसात होतं. आणि तिकीट डिसेंबरचं काढलं असेल तर फेब्रुवारीचं करून घ्या. मधल्या सुट्टीत फोन उचलायलाही कुणी नसतं.