दोन मुलगे आणि कोकणातलं घर : आधी एवढं करा

ताई, चार आणि सहा वर्षांचे मुलगे, समोर अंगण, मागे वाडी, पलीकडे समुद्र. मजा येणार आहे तुम्हाला! सुरुवातीला मोजकंच सांभाळा.

सगळ्यात आधी विहीर. कठडा असला तरी वर लोखंडी जाळी बसवून घ्या, हे उद्यावर टाकू नका. पावसाळ्यात समुद्रात उतरायचंच नाही. एरवी ओहोटीलाही मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं.

खेळणी विकत आणू नका. वाडीत पोफळीची (सुपारीच्या झाडाची) गळलेली झावळी शोधा. तिच्या विरीवर, म्हणजे बुडाकडच्या रुंद, चिवट भागावर धाकट्याला बसवा, शेंडा धरून थोरला ओढेल. हीच गाडी, हीच होडी. ‘आता माझी पाळी’ म्हणून भांडतील, पण लगेच मध्ये पडू नका, बहुतेक वेळा त्यांचं तेच मिटवतात.

पावसाळ्यानंतर होड्या सुरू झाल्या की मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला दाखवा. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर तो बांधायला घेतला, एवढं सांगितलं तरी पुरे. घरी आल्यावर पडवीत उशांचा तट उभा राहतो आणि आजीला आत यायला परवलीचा शब्द लागतो.

पालकांच्या नेहमीच्या चुका:
- पाऊस लागला की मुलांना घरात कोंडणं. पागोळ्यांखाली भिजू द्या, मग अंग पुसून गरम पेज द्या.
- सतत खेळ सुचवणं. कंटाळले की स्वतःच काढतात.
- पालापाचोळ्यात, लाकडांच्या ढिगात हात घालू देणं. तिथे फुरसं (छोटा विषारी साप) असू शकतं. अंधारात चप्पल आणि बॅटरी हवीच.

पोहणं, झाडावर चढणं पुढच्या वर्षी बघू.