लंडनचं १०, किंग हेन्रीज रोड: ‘कार्यक्रमात आहे’ यावर विसंबू नका

जय भीम. सासऱ्यांना बाबासाहेबांचं लंडनमधलं घर दाखवायचंय आणि टूर कंपनी ‘कार्यक्रमात आहे’ एवढंच सांगते, हे तुमचं वाचलं आणि वडिलांची सहल आठवली. व्हिसा, तिकिटं बाकीचे सांगतील. मी एकच सांगते: आत नेणार की बाहेरून दाखवणार, हे लेखी घ्या.

आमच्या कंपनीने (नाव घेत नाही) पैसे भरताना ‘आत नेऊ’ म्हटलं होतं. लंडनला पोचल्यावर ‘मोठी बस त्या रस्त्यावर नेता येत नाही’ म्हणून घर गाळलं. ऑफिसला फोन केला तर ते टूर मॅनेजरकडे बोट दाखवणार, तो ऑफिसकडे. वडील परदेशी निघाले होते तेच मुळी त्या घरासाठी. पैशांचं विचारलं तर म्हणाले, ‘बाकी सगळं दाखवलं ना?’ हा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

बसचं त्यांना आधीच माहीत असायला हवं होतं. तो राहत्या घरांचा रस्ता आहे. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घर घेतलं, पण संग्रहालयाची परवानगी कॅम्डेन कौन्सिलने (तिथल्या स्थानिक पालिकेने) २०१८ मध्ये नाकारली. गोंगाटाबद्दल शेजाऱ्यांच्या तक्रारी होत्या. अपिलात, २०२० मध्ये ती मिळाली. म्हणून माझं मत, घोळक्याने जाऊच नये. टूरमधून अर्धा दिवस मागून घ्या. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न लाइनची एजवेअरकडे जाणारी गाडी पकडून चॉक फार्म स्टेशनला उतरा. तिथून घर चालत जाण्याइतकं जवळ आहे. घर उघडं असण्याच्या वेळा मात्र निघण्याआधी स्वतः तपासा, माझ्या भरवशावर राहू नका.

सासऱ्यांना आधी थोडं सांगून ठेवा. रांगेतलं व्हिक्टोरियन घर आहे, बाहेर निळी गोल पाटी. बाबासाहेब तिथे १९२१-२२ मध्ये राहिले. सिडनॅम कॉलेजची नोकरी सोडून, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने पैसे घेऊन ते अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला परत आले होते. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी., शिवाय बॅरिस्टरी. हे ठाऊक नसेल तर माणूस पाटीसमोर फोटो काढून पाच मिनिटांत परततो.

वेळ उरला तर बाबासाहेब जिथे शिकले ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि जिथून बॅरिस्टर झाले ते ग्रेज इन बघा, हॉबर्न स्टेशनवरून दोन्ही चालत होतात. ग्रेज इनच्या इमारतींत सोडतीलच असं नाही, तेही आधी विचारून घ्या.