आखूड शेपटीच्या चाबूकविंचवाला डोळे नाहीत, मग तो गुहेतलाच समजायचा का? प्रजात कशी ओळखायची आणि तो चावतो का?

'डोळे नाहीत म्हणजे गुहेतलाच' हे ऐकून ऐकून कान किटलेत. शिझोमिडांमध्ये, म्हणजे कोळ्यांच्या नात्यातल्या या आखूड शेपटीच्या चाबूकविंचवांमध्ये, जवळजवळ कुणालाच खरे डोळे नसतात. पालापाचोळ्यात राहणारेही आंधळेच, फार तर डोळ्यांच्या जागी फिकट ठिपके. गुहेची खूण शोधायची तर लांब, काटकुळे पाय आणि उतरलेला रंग बघा.

बॅरो बेटावरचा ड्रॅक्युलॉइड्स ब्रॅमस्टोकेरी घ्या. पश्चिम ऑस्ट्रेलियातला हा काही मिलिमीटरचा जीव हार्वी आणि हम्फ्रीज यांनी १९९५ मध्ये नोंदवला. त्याच्या भाऊबंदांत प्रजात ठरते ती मुख्यतः नराच्या शेपटीवरून. मादीची साधी, सांध्यांची काडी. नराची एकसंध आणि फुगीर. मिलनाच्या वेळी मादी ती जबड्यात धरते, त्यामुळे प्रत्येक प्रजातीत तिचा घाट वेगळा. ती वरून, खालून आणि बाजूने, तिन्ही अंगांनी बघावी लागते. वरून काढलेल्या एका फोटोवर प्रजातीचं नाव ठोकणाऱ्यांनी निदान हे तरी वाचावं. मादी असेल तर शुक्रकोष (नराचे शुक्राणू साठवायच्या पोटातल्या पिशव्या) काढून लॅक्टिक आम्लात पारदर्शक करायचे. पिल्लू असेल तर डीएनएच.

त्या डीएनएचीच माती होते नमुना गोळा करताना. जमिनीखालचे जीव पकडायला बोअरच्या भोकात ओल्या पाल्याचे सापळे सोडतात, सहा ते आठ आठवडे ठेवतात, मग पाला दिव्याखालच्या फनेलमध्ये घालून प्राणी खाली उतरवतात. पाला आधी निर्जंतुक केला नाही तर वरचेच किडे 'गुहावासी' म्हणून यादीत शिरतात. भोकाचं तोंड उघडं राहिलं की आतली दमट हवा जाते, सापळा रिकामा येतो. नमुना थेट ९५ ते १०० टक्के इथेनॉलमध्ये, थंड जागी. पातळ अल्कोहोलात शरीर ठीक राहतं, डीएनए खराब होतो.

हा किस पाडायचं कारण: पश्चिम ऑस्ट्रेलियातल्याच रोब नदीच्या खोऱ्यात शेजारशेजारच्या सपाट डोंगरांवर वेगवेगळ्या प्रजाती निघाल्या, आणि २००७ मध्ये तिथल्या लोखंडाच्या खाणीचा प्रस्ताव यांच्यापायी अडला. तिथे अहवालात नुसतं 'शिझोमिड' लिहून भागत नाही.

एक मात्र कबूल, काही प्रजाती नराशिवायच वाढतात, तिथे शेपटीचा नियम लंगडा पडतो.

चावण्याचं म्हणाल तर विष नाही, नांगीही नाही. ओल्या ब्रशच्या टोकाने उचला. चिमट्यात धराल तर पाय तुटतात, आणि बोट पुढे केलंत तर तो मागच्या मागे उडी मारतो.